रकाना चौथा

सव्वीस वर्षं या खिडकीमागे बसते आहे.
सगळे प्रबंध माझ्या हातांखालून जातात.
मी पट्टी लावून समास मोजते:
डावीकडे दीड इंच, उजवीकडे एक.
आतलं काही कळत नाही मला.
कोणी कोणाला घडवलं, ते मात्र कळतं.

त्याला पदवी लागत नाही.
कोणाच्या दारापुढे पोरं घुटमळतात
आणि कुठलं दार ती खांद्याने ढकलून आत शिरतात,
एवढं पाहिलं तरी पुरे.

यंदाचा मार्गदर्शक पुरस्कार व्हर्ना कांगसला.
मानपत्र मी टाइप करायचं, शुक्रवारच्या आत.
समितीने शब्द धाडलेत: तेजस्वी, प्रेरणादायी, अथक.
गेल्या वर्षीही हेच होते.
ज्यांना लावले होते त्या गृहस्थांनी
एका मुलीचा प्रबंध विमानतळावरून
सही करून परत पाठवला होता.
पाकीट मीच उघडलं.
आतला रबरबँड जागचा हललासुद्धा नव्हता.
मला कोणी मत विचारत नाही. असो.

व्हर्नाची शिसपेन्सिल मी ओळखते.
सरोवराच्या तळचा गाळ वाचते ती,
एका वर्षाचा एक थर, केसाएवढा,
आणि तितक्याच सावकाश पोरांची वाक्यं.
लाल शाई नाही.
"मी चुकले असेन तर त्यांना खोडता आलं पाहिजे,"
म्हणाली होती एकदा, स्टेपलर परत करताना.

पा न्हियाच्या आईचं डायलिसिस, आणि गाडी बंद,
तेव्हा व्हर्नाने आपली किल्ली माझ्यापुढे सरकवली:
"कोणाची विचारलं तर ऑफिसची म्हण."
ओदबायारच्या तोंडी परीक्षेआधी
ती रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली
आणि एकाहून एक खवट प्रश्न विचारत राहिली,
बंदरात लोहखनिजाची जहाजं भोंगे देत होती,
शेवटी तो हसायलाच लागला.

हे मानपत्रात बसत नाही.

आणि ऑरिन टेस्क.
फेब्रुवारीत आला, बूट ओले,
हातात शिक्षण सोडण्याचा अर्ज.
त्याच्या मागोमाग व्हर्ना.
मला वाटलं, आता समजूत घालणार.
तिने अर्ज उभ्याउभ्याच वाचला.
एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं, पेन्सिलीने.
"तारीख कोरी ठेव," म्हणाली, "बर्फ फुटेपर्यंत."
मग दोघं निघून गेले,
गोठलेल्या सरोवराला भोक पाडायला;
एक नमुना काढायचा राहिला होता.

बर्फ फुटला तेवीस एप्रिलला.
चोविसाला ऑरिनने तारीख घातली.
व्हर्नाने सही केली, आणि त्याच खुर्चीत बसून
बँकेला पत्र लिहिलं, भट्टीच्या कर्जासाठी:
हा मुलगा तापमानाची नोंद चुकवत नाही,
बिघडलेलं लपवत नाही,
पहाटे चारला त्याला कोणी उठवावं लागत नाही.
आता त्याचा वेलचीचा पाव अर्धं बंदर खातं.
मीही खाते. जरा महाग आहे.

चौथा रकाना:
मार्गदर्शनाखाली पूर्ण झालेले विद्यार्थी. संख्या लिहा.
अकरा. नोंदवही माझीच आहे.
मी बारा टाइप केलं.
चुका याआधीही झाल्या असतील,
जाणूनबुजून केलेली ही पहिली.

मसुदा तिच्याकडे तपासायला गेला,
सोमवारी परत आला.
'तेजस्वी'वर काट. 'अथक'शेजारी बारीक अक्षरात: थकते.
बाराभोवती एक गोल,
गोलाला लागून प्रश्नचिन्ह,
आणि ते प्रश्नचिन्ह खोडलेलं.

कागद खिडकीकडे तिरका धरला
तर त्याचा वळ अजून दिसतो.
मी पट्टी लावून समास पाहिले
आणि आकडा तसाच छापायला दिला.